फोटोग्राफीला रामराम ठोकल्यावर

1972 च्या एप्रिलमध्ये तोक्योत फोटोंचं एक पुस्तक निघालं. छापखान्यात काहीतरी घोळ झाला असावा, असं पहिल्यांदा चाळताना वाटावं असं. एका पानावर फिल्मच्या कडेची चौकोनी भोकं. दुसऱ्यावर निगेटिव्हवरचे ओरखडे आणि धूळ. तिसऱ्यावर रोलच्या टोकाचा, उजेड लागून करपलेला तुकडा. मधूनच एखादा चेहरा दिसतो, पण तो समोर उभ्या असलेल्या माणसाचा की टीव्हीच्या पडद्यावरचा, हे ठरवता ठरवता पान उलटलं जातं. आपल्याकडे फोटो हलला की स्टुडिओवाला तो गिऱ्हाइकाला दाखवतही नसे. इथे हललेले, करपलेले, डार्करूमच्या फरशीवर पडलेले तुकडे वेचून, मोठे करून त्यांचं पुस्तक बांधलं होतं. नाव ‘शाशिन यो सायोनारा’. फोटोग्राफीला रामराम, एवढाच त्याचा अर्थ.

रामराम ठोकणारा दाइदो मोरियामा तेव्हा तेहतीस वर्षांचा होता आणि हरलेला मुळीच नव्हता. 1967 मध्ये जपानच्या फोटो-समीक्षकांच्या संघटनेने नवोदितांसाठीचा पुरस्कार त्याला दिला होता. 1968 मध्ये पहिलं पुस्तक आलं, त्यात लेखन नाटककार शुजी तेरायामाचं. कॅमेऱ्यांच्या मासिकांत त्याला मालिकाच्या मालिका मिळत होत्या. आदल्याच वर्षी, 1971 मध्ये, उत्तरेकडच्या मिसावा गावात त्याने एका भटक्या कुत्र्याचा फोटो काढला होता. अंगावरचे केस मळून चिकटलेले, मान मागे वळवलेली, डोळ्यांत भूक आणि संशय एकत्र. जपानी फोटोग्राफीचा कुठलाही इतिहास आज या कुत्र्याला वगळून पुढे जात नाही.

म्हणजे या माणसाला स्वतःची शैली सापडलेली होती. इतकी पक्की, की खाली नाव न छापता त्याचे तीन फोटो शेजारी ठेवले तरी मासिक वाचणाऱ्याला कोणाचे ते कळावं. त्याची अडचण तिथूनच सुरू झाली. फोटोग्राफी शिकवणारी पुस्तकं शैलीकडे शेवटचा टप्पा म्हणून बघतात: खूप फोटो काढा, खूप बघा, धीर धरा, एक दिवस तुमची नजर तुम्हाला सापडेल. सापडल्यानंतर काय होतं, याबद्दल ती गप्प असतात.

मोरियामाचा जन्म 1938 चा, ओसाकाजवळच्या इकेदाचा. सुरुवातीला तो ग्राफिक डिझाइनची कामं करायचा, मग ओसाकातल्या ताकेजी इवामियाच्या स्टुडिओत लागला. 1961 मध्ये त्याने तोक्यो गाठलं ते ‘विवो’ या फोटोग्राफरांच्या गटात शिरकाव मिळावा म्हणून. पोचला तेव्हा गट मोडायच्या बेतात होता. त्यातल्या एइको होसोएने त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं आणि पुढची तीन वर्षं तो तिथे राबला.

होसोए त्या काळात कादंबरीकार युकिओ मिशिमाला घेऊन ‘बाराकेइ’ या पुस्तकाचे फोटो काढत होता. मिशिमा उघड्या अंगाने, बागेतल्या रबरी नळीच्या वेटोळ्यांत गुंडाळलेला; मिशिमा तोंडात गुलाब धरून. प्रत्येक फ्रेम आधी रचलेली, नाटकासारखी बसवलेली. पुढे मोरियामाच्या प्रिंटमध्ये जो गच्च काळा रंग दिसतो, कडा जाळून फोटोला आवळायची जी सवय दिसते, तिची तालीम होसोएच्या डार्करूममध्ये झाली असं मानायला जागा आहे. पण नाटकातलं काहीच त्याने उचललं नाही. 1964 मध्ये स्वतंत्र झाल्यावर तो गेला योकोसुकाला, अमेरिकन नौदलाच्या तळाभोवती वाढलेल्या गल्ल्यांत. फोटोग्राफर विल्यम क्लाइनचं 1956 सालचं न्यूयॉर्कवरचं पुस्तक त्याने पाहिलं होतं, अमेरिकन चित्रकार वॉरहॉलची छापील चित्रं पाहिली होती, लेखक केरुआकची प्रवासाची कादंबरी वाचून जपानच्या महामार्गांवर गाडीतून फोटो काढत फिरावंसं वाटलं होतं आणि तो फिरलाही.

इथे थोडा वेळ डार्करूममध्ये थांबायला हवं. ‘शैली’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर प्रतिभा येते, थर्मामीटर येत नाही. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवरची प्रतिमा चांदीच्या बारीक कणांची बनते. ट्राय-एक्ससारखी 400 एएसएची फिल्म रात्रीच्या बारमध्ये किंवा धावत्या गाडीतून वापरली तर उजेड पुरत नाही. ही तूट भरून काढायला फिल्म डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची, डेव्हलपर जरा गरम घ्यायचा, टाकी जोरात हलवायची. त्यामुळे उजळ भाग भराभर दाट होतात. सावलीत मात्र मुळात काही नोंदलंच गेलेलं नसतं, त्यामुळे तिथे काही उगवत नाही. छटांमधलं अंतर ताणलं जातं आणि कणांचे पुंजके नुसत्या डोळ्यांना दिसतील इतके ठळक होतात. अशा निगेटिव्हचा एखादा कोपरा निवडून तो मोठा केला आणि कडक कॉन्ट्रास्टच्या कागदावर छापला, की मधले करडे गळून पडतात. उरतो पांढरा, काळा आणि त्यांच्यावर पसरलेली खरखर.

त्यात मोरियामा पुष्कळदा कॅमेरा डोळ्याला लावायचाच नाही. हात लांब करून, कमरेच्या उंचीवरून, चालता चालता बटण दाबायचं. क्षितिज तिरकं गेलं तर जाऊ द्यायचं. जपानमध्ये या सगळ्याला मिळून ‘आरे, बुरे, बोके’ असं नाव पडलं: खरखर, हललेपणा, फोकस सुटणं. आज हीच खरखर फोनमधल्या ॲपमध्ये एक पट्टी बोटाने सरकवून मिळते. पण मोरियामाच्या बाबतीत ती फोटो काढायच्या पद्धतीतून आपोआप येत होती. रात्री, घाईत, न बघता काढलेला फोटो तसाच दिसणार. दिसणं आधी ठरवून पद्धत नंतर शोधलेली नव्हती, हा फरक पुढच्या कहाणीत महत्त्वाचा आहे.

या कहाणीत दुसरा माणूस आहे ताकुमा नाकाहिरा. जन्म त्याच वर्षीचा, 1938, पण तोक्योचा. विद्यापीठात स्पॅनिश शिकलेला, ‘गेन्दाइ नो मे’ या डाव्या विचारांच्या मासिकाचा संपादक, वादात कोणाला न आवरणारा. शोमेइ तोमात्सु या ज्येष्ठ फोटोग्राफरच्या सहवासात त्याने स्वतः कॅमेरा हातात घेतला. मोरियामा आणि तो झुशी या समुद्राकाठच्या गावी एकमेकांच्या जवळपास राहायचे. एक फारसा सिद्धांतात न पडणारा, दुसरा सिद्धांताशिवाय श्वास न घेणारा. दोस्ती घट्ट होती आणि चढाओढही.

1968 च्या नोव्हेंबरमध्ये नाकाहिराने समीक्षक कोजी ताकी, फोटोग्राफर युताका ताकानाशी आणि कवी ताकाहिको ओकादा यांच्यासोबत ‘प्रोव्होक’ नावाचं नियतकालिक काढलं. विद्यार्थ्यांची आंदोलनं, व्हिएतनामचं युद्ध, अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराचं 1970 मध्ये होऊ घातलेलं नूतनीकरण, असा तो काळ. शब्द थिटे पडताहेत, तिथे फोटोने विचाराला डिवचावं, अशी त्यांची भूमिका. मोरियामा दुसऱ्या अंकापासून आला. तिसऱ्या अंकात त्याने सुपरमार्केटमधल्या मालाने भरलेल्या फळ्यांचे फोटो दिले. बाकीचे क्रांतीच्या गोष्टी करत असताना हा डबे आणि बाटल्या मोजत होता. 1969 च्या ऑगस्टमधला तो तिसरा अंक शेवटचा ठरला. तीनच अंक निघाले, पण जपानी फोटोग्राफीत त्या तीन अंकांवर जितकं लिहिलं गेलंय तितकं वर्षानुवर्षं चाललेल्या मासिकांवरही नसेल.

मग एक गंमत झाली. या दोघांच्या दृष्टीने अर्थातच गंमत नव्हती. 1970 मध्ये ओसाकात भरलेलं जागतिक प्रदर्शन सप्टेंबरात संपलं. सहा कोटींहून अधिक लोकांनी ते पाहिलं होतं आणि त्यातल्या पुष्कळांना रेल्वेने वाहून नेलं होतं. आता रिकाम्या होणाऱ्या गाड्यांचं काय करायचं? ऑक्टोबरात जपानी राष्ट्रीय रेल्वेने देन्त्सु या जाहिरातसंस्थेकडून ‘डिस्कव्हर जपान’ ही मोहीम सुरू केली. तरुण मुली, जुनी गावं, देवळं, झाडी. आणि यातले काही फोटो मुद्दाम हललेले, धूसर. दोन वर्षांपूर्वी जी खरखर व्यवस्थेच्या तोंडावर फेकली होती, ती आता स्टेशनच्या भिंतीवरून तिकिटं विकायला लागली. हौशी फोटोग्राफर तर मासिकांच्या स्पर्धांना फोटो मुद्दाम हलवून पाठवू लागले.

नाकाहिराने या मोहिमेवर कडाडून टीका केली. पण त्याला खरी बोच होती ती रेल्वेची नव्हे. आपले फोटो इतक्या सहजी उचलता आले, याचा अर्थ त्यांत मुळातच काहीतरी उचलण्याजोगं, शोभेचं होतं, असं त्याचं म्हणणं. धूसरपणा म्हणजे कवितेचा आव. रात्रीचे फोटो, कारण रात्री सगळंच गूढ दिसतं. ब्लॅक अँड व्हाइट, कारण डार्करूममध्ये आपल्या हाताची छाप उमटवता येते. 1970 मध्येच त्याचं ‘येणाऱ्या भाषेसाठी’ अशा नावाचं पुस्तक आलं होतं: ओल्या डांबराचे रस्ते, समुद्र, रात्रीचे दिवे. आजही ते त्या दशकातल्या सर्वोत्तम फोटोपुस्तकांत धरलं जातं. त्याच्या कर्त्याला मात्र ते लवकरच नकोसं झालं.

1971 मध्ये पॅरिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात त्याने एक प्रयोग करून पाहिला. निवडक फोटो फ्रेम करून नेण्याऐवजी तो रिकाम्या हाताने गेला. दिवसभर पॅरिसमध्ये दिसेल त्याचे फोटो काढायचे, त्याच दिवशी ते धुऊन प्रिंट करायचे आणि ओलसर असतानाच भिंतीवर डकवायचे. रोज शंभरच्या आसपास. भिंत भरली तर फरशीवर. शैलीला विचार करायला वेळच द्यायचा नाही, अशी ती तजवीज होती. आयोजकांशी त्याचं वाजलं आणि त्याने मुदतीआधीच सगळं उतरवून टाकलं.

त्याच वर्षी 10 नोव्हेंबरला ओकिनावात सार्वत्रिक संप झाला. बेट अमेरिकेकडून जपानला परत मिळणार होतं, पण कोणत्या अटींवर, यावरून लोक संतापलेले होते. त्या गोंधळात एक पोलीस मारला गेला आणि एका तरुणाला अटक झाली. पुरावा काय, तर ‘योमिउरी’ वर्तमानपत्रात छापून आलेले फोटो. पेटलेल्या पोलिसाजवळ हा तरुण दिसतो. सरकारी पक्ष म्हणाला, तो मारतोय. बचाव पक्ष म्हणाला, तो आग विझवतोय. फोटोतला पाय उचललेला होता एवढंच नक्की. तो कशासाठी उचलला हे फोटो सांगत नव्हता, खालची ओळ सांगत होती. हा तरुण पुढे अपिलात सुटला. नाकाहिरा या खटल्याच्या निमित्ताने ओकिनावाला गेला, त्यावर लिहीत राहिला. धूसर फोटोंत अर्थ बघणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला असतो, याचं त्याला एरवी कौतुक वाटलं असतं. इथे त्याच मर्जीवर एका माणसाचं आयुष्य टांगलेलं होतं.

1973 मध्ये त्याने एक दीर्घ निबंध लिहिला. फोटो हवेत ते वनस्पतींच्या सचित्र कोशासारखे: स्वच्छ, रंगीत, भर उन्हात घेतलेले, भावनेचा लेप नसलेले. पान म्हणजे पान. त्याच सुमारास त्याने आपल्या बहुतेक निगेटिव्ह आणि प्रिंट जाळून टाकल्या.

मोरियामाने जाळलं काही नाही. त्याने आपल्याच कचऱ्याचं पुस्तक केलं, तेच सुरुवातीला सांगितलेलं. त्यात त्याचा आणि नाकाहिराचा संवादही छापलेला आहे. धूसरपणा बाजारात विकला जातोय ना, मग तो इतका वाढवू की त्यात विकण्यासारखं काही उरणारच नाही, असं त्या पुस्तकाचं तर्कशास्त्र दिसतं. पण शैलीला शेवटपर्यंत ताणून तिच्यातून सुटका होते का? प्रस्तुत लेखकाच्या मते नाही. ‘शाशिन यो सायोनारा’ हे मोरियामाचं सगळ्यात मोरियामासारखं पुस्तक आहे.

योगायोग असा, की त्याच 1972 मध्ये तोक्योतच दुसऱ्या एका थकलेल्या फोटोग्राफरचं पुस्तक निघालं. रॉबर्ट फ्रँक 1955 आणि 1956 मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर अमेरिकाभर फिरला होता. सातशेहून जास्त रोल, सत्तावीस हजारांच्या घरातल्या फ्रेम्स आणि त्यातून निवडलेले 83 फोटो: ‘द अमेरिकन्स’. पॅरिसला 1958 मध्ये आणि अमेरिकेत 1959 मध्ये ते आलं, तोवर फ्रँकने स्थिर फोटो बाजूला ठेवून सिनेमा करायला घेतला होता. त्याला त्याच पुस्तकाची पुढची आवृत्ती जगत राहायचं नव्हतं. काझुहिको मोतोमुरा नावाचा एक जपानी प्रकाशक न्यूयॉर्कला जाऊन त्याला भेटला आणि त्याच्या मागे लागून ‘द लाइन्स ऑफ माय हँड’ हे पुस्तक करवून घेतलं. त्यानंतर फ्रँक पुन्हा फोटोंकडे वळला, पण वेगळ्या रीतीने. कॅनडातल्या माबू गावी राहून तो पोलरॉइडच्या निगेटिव्हवर खरवडून शब्द लिहायचा, दोन-तीन फ्रेम्स जोडायचा. 1974 मध्ये त्याची मुलगी विमान अपघातात गेली. 1978 च्या एका फोटोत आरशावर रंगाने लिहिलेले ओघळते शब्द आहेत: ‘सिक ऑफ गुडबाइज’. ‘द अमेरिकन्स’च्या चाहत्यांतल्या पुष्कळांना हे फोटो आवडत नाहीत. फ्रँकला त्याचं सुखदुःख असल्याचं दिसलं नाही.

मोरियामाचं सत्तरचं दशक मात्र ओढगस्तीचं गेलं. म्हणजे कामं नव्हती असं नाही. 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने नव्या जपानी फोटोग्राफीचं प्रदर्शन भरवलं, त्यात तो होता. तोमात्सु, अराकी, फुकासे या फोटोग्राफरांबरोबर त्याने फोटोग्राफीची कार्यशाळा चालवली, शिंजुकूत छोटी गॅलरी काढली, पुस्तकं आली. पण ही सगळी फोटोभोवतीची कामं. 1978 च्या उन्हाळ्यात तो होक्काइदोला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे वसाहत उभी राहत असताना केन्झो तामोतोने काढलेले फोटो त्याला फार आवडायचे: कापलेली जंगलं, कच्चे रस्ते, कसलाच दिखावा नसलेली नोंद. सापोरोत खोली भाड्याने घेऊन तो काही महिने राहिला. रोज बाहेर पडायचा, फोटो काढायचा, परत यायचा. शेकडो रोल झाले. त्यांतलं काहीच हाती लागल्यासारखं त्याला वाटेना. रोल तसेच पडून राहिले.

नैराश्यात सापडलेल्या कलावंताला लोक दोन सल्ले देतात: सुट्टी घे, किंवा नेटाने करत राहा. मोरियामाने होक्काइदोत दोन्ही एकदम करून पाहिलं होतं. त्याला उपयोगी पडलं ते तिसरंच, आणि तेही अगदी किरकोळ वाटावं असं. 1981 मध्ये ‘शाशिन जिदाइ’ नावाचं नवं मासिक सुरू झालं, संपादक आकिरा सुएइ. मासिक प्रामुख्याने अराकीच्या कामुक फोटोंवर खपायचं. कलेच्या दरबारात त्याला फारसा मान नव्हता. तिथे मोरियामाला दर अंकात पानं मिळाली. दर वेळी काहीतरी द्यायचं होतं. मग त्याने जे समोर आहे त्याचे फोटो काढले: एक हॅट, बुटांचा जोड, उन्हात उमललेलं पिओनीचं फूल.

1982 मध्ये त्यांचं पुस्तक झालं, ‘हिकारी तो कागे’, म्हणजे प्रकाश आणि सावली. बुटांचा फोटो जवळून पाहण्यासारखा आहे. फ्रेम स्थिर आहे. हललेलं काही नाही, फोकस आहे, सुरकुत्या मोजता येतील. ऊन एका बाजूने येतं आणि दुसरी बाजू काळोखात बुडते. काळा तोच, गच्च. पण पूर्वी हा काळा रंग फोटोतल्या वस्तूला गिळायचा, आता तो तिला उचलून धरतो. धावणं थांबलं, बघणं सुरू झालं, एवढाच बदल. ते फोटो मोरियामाचेच आहेत हे मात्र लगेच कळतं. शैली टाकायचा निश्चय सोडून दिल्यावर तिच्यातलं जे खरोखर त्याचं होतं तेवढं मागे राहिलं आणि जे 1968 सालचं होतं ते गळालं.

मोरियामाच्या पलंगाच्या उशाशी एका जुन्या फोटोची प्रत लावलेली असे. नीसेफोर निएप्स या फ्रेंच गृहस्थाने 1826-27 च्या सुमारास आपल्या गावाकडच्या घराच्या खिडकीतून घेतलेला, कॅमेऱ्याने टिपलेला सर्वात जुना टिकून राहिलेला फोटो. कथलाच्या मिश्रधातूचा पत्रा, त्यावर डांबराचा पातळ थर. उजेड पडला तिथलं डांबर कडक झालं, उरलेलं लव्हेंडरच्या तेलाने धुऊन काढलं. निदान आठ तास, कदाचित काही दिवस कॅमेरा उघडा होता, त्यामुळे ऊन इमारतींच्या दोन्ही बाजूंवर पडलेलं दिसतं. मूळ पत्रा आता अमेरिकेत, टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये आहे. त्यात छपरं, भिंती, आकाश आणि खरखर याशिवाय काही नाही. ‘हिकारी तो कागे’मधले फोटो या पत्र्याशेजारी ठेवून बघावेत. दोन्हीकडे फोटोग्राफरला काही म्हणायचं आहे असं वाटतच नाही.

नाकाहिराचं पुढे काय झालं, ते सांगणं जास्त अवघड आहे. 1974 मध्ये तोक्योच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्याने 48 रंगीत फोटोंची एक भिंत मांडली होती: भेगा, पाण्याचे डाग, वेली, मेट्रोचे कोपरे. निबंधात लिहिलेलं हाताला साधेल का, याची ती चाचपणी. पण त्या काळात तो काढत होता त्यापेक्षा लिहीत जास्त होता. 1977 च्या सप्टेंबरमध्ये अतिमद्यपानाने तो कोसळला. जीव वाचला. स्मृती बरीचशी गेली, बोलणंही विस्कळीत झालं. शब्दांच्या जोरावर जगणाऱ्या माणसाचे नेमके शब्दच गेले.

त्याने पुन्हा कॅमेरा घेतला. योकोहामा परिसरात तो रोज बाहेर पडायचा, बरेचदा सायकलवर, 100 मिलिमीटरची लेन्स लावून. रंगीत फिल्म, उभी फ्रेम, भर दिवसा. दुपारी झोपलेला माणूस. दुकानावरची पाटी. झाडाचं खोड. शेकोटी. विषय मधोमध, स्वच्छ, आजूबाजूला सांगण्यासारखं काही नाही. 1973 च्या निबंधात त्याने जे मागितलं होतं, जवळपास तेच. आजाराने त्याची शैली पुसून त्याला मोकळं केलं, अशी एक आवडती दंतकथा यावर उभी राहिली आहे. ती ऐकायला छान वाटते म्हणूनच तिच्यापासून सावध राहायला हवं. रंगीत फोटोंची ती भिंत आजाराच्या तीन वर्षं आधीची होती. वाट आधीच धरलेली होती, चालणं राहिलं होतं. आणि रोज त्याच वाटेने जाऊन तसलेच फोटो काढायला मेंदूची इजा नव्हे, चिकाटी लागते. 2003 मध्ये योकोहामा कला संग्रहालयाने त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं. 2015 मध्ये तो गेला.

भारतात शैलीच्या या कोंडीचं ठळक उदाहरण फोटोग्राफर दयानिता सिंग यांचं. 1990 च्या दशकात परदेशी मासिकं त्यांना कामं द्यायची ती ठरावीक: वेश्यावस्ती, बालमजुरी, एड्स. फोटो उत्तम यायचे, छापून यायचे, आणि दर वेळी आपण तोच भारत पुरवतोय हे त्यांना खुपायचं. त्याआधी एकदा लंडनच्या वृत्तपत्रासाठी त्या दिल्लीतल्या तृतीयपंथीयांचे फोटो काढायला गेल्या होत्या. त्यांतल्या मोना अहमद यांचे फोटो काढून झाले. हे लंडनला छापून येणार आणि तिथल्या नातेवाइकांना दिसणार, हे लक्षात आल्यावर मोना यांनी रोल परत मागितला. दयानिता सिंग यांनी तो देऊन टाकला. काम बुडालं, मैत्री मात्र कायमची जुळली आणि 2001 मध्ये ‘मायसेल्फ मोना अहमद’ हे पुस्तक आलं, ज्यात मजकूर मोना यांचा स्वतःचा आहे.

वृत्तछायाचित्रण सोडल्यावर त्या वळल्या आपल्याच वर्गातल्या लोकांकडे, शहरी सुखवस्तू घरांतल्या दिवाणखान्यांकडे. मग माणसं उठून गेलेल्या खोल्या. मग सरकारी दफ्तरखान्यांतले कागदांचे ढीग, ‘फाइल रूम’, 2013. त्यांची फ्रेम फार बदललेली नाही. चौकोनी निगेटिव्ह, बहुतांश ब्लॅक अँड व्हाइट, शांत उजेड. बदलला तो फोटोंचा मुक्काम. 2008 चं ‘सेंट अ लेटर’ म्हणजे घडी उलगडत जाणाऱ्या सात छोट्या पुस्तिकांची पेटी, टेबलावर उभी केली की प्रदर्शन. पुढे लाकडी चौकटींची घडीव ‘संग्रहालयं’ आली, ज्यांतले फोटो मालकाने हवे तसे बदलावेत. 2022 मध्ये फोटोग्राफीतला मानाचा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला. दक्षिण आशियात तो पहिल्यांदाच आला. त्यांच्या तीन वर्षं आधी, 2019 मध्ये, तो मिळाला होता मोरियामाला.

मोरियामा मधल्या काळात छोटा, खिशात मावणारा रिको कॅमेरा घेऊन शिंजुकूत फिरायचा. पुढे डिजिटलही वापरू लागला, रंगीत फोटोही काढू लागला. होक्काइदोचे रोल तीस वर्षांनी बाहेर निघाले आणि 2008 मध्ये त्यांचं पुस्तक झालं. रस्ते, बंदरं, रेल्वेचे फलाट. 1978 मध्ये हेच फोटो काढताना तो हताश झाला होता.

आणखी एक राहिलेलं काम होतं. ‘शाशिन यो सायोनारा’च्या वर्षीच त्याने ‘किरोकु’ म्हणजे ‘नोंद’ नावाचं एक पातळ नियतकालिक स्वतःच काढायला घेतलं होतं. फक्त त्याचे फोटो, आपल्याला हवे तसे. पाच अंक काढून 1973 मध्ये ते बंद पडलं होतं. 2006 मध्ये अकिओ नागासावा या प्रकाशकाने ते पुन्हा सुरू करायचं ठरवलं. तेहतीस वर्षांच्या खंडानंतर निघालेल्या त्या अंकावर क्रमांक घातला होता 6. पुढचे अंक निघत राहिले.